सेवाभावी क्लब, आठवड्याची बैठक आणि आपण

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या वर्गात माझ्या वाट्याला आलेला विषय पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. रोजगार, पाणी, शेतमालाचे भाव, शिक्षणाचे खासगीकरण असे प्रश्न समोर आ वासून उभे असताना रोटरी आणि लायन्ससारख्या क्लबांवर तासभर बोलण्याचे प्रयोजन काय, असे एका साथीने मला येतानाच विचारले. हे क्लब म्हणजे सुखवस्तू मंडळींनी आपल्या मनाच्या समाधानासाठी मांडलेला खेळ, एवढे म्हणून विषय मिटवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती रीत मला मान्य नाही. ज्या संघटनेला आपण तुच्छ लेखतो तिच्या बैठकीला माणसे आठवड्याच्या आठवड्याला येतात, आणि आपल्या बैठकीला तीन तीन निरोप धाडूनही खुर्च्या रिकाम्या राहतात. या गोष्टीचा अर्थ लावल्यावाचून त्यांच्यावर टीका करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांत रोटरी क्लब आहेत. पुणे आणि रायगड या जिल्ह्यांतील क्लबांचा मिळून ३१३१ क्रमांकाचा प्रांत होतो. त्याचा प्रांतपाल दर वर्षी बदलतो. गावच्या क्लबाचा अध्यक्षही दर वर्षी १ जुलैला बदलतो आणि मावळता अध्यक्ष सहसा मुकाट्याने मागच्या रांगेत जाऊन बसतो. (आपल्या तालुकाध्यक्षांनी या ठिकाणी माझ्याकडे पाहू नये.) अशा क्लबांचे सभासद कोण असतात हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. डॉक्टर, वकील, अडते, औषधविक्रेते, अभियंते, बांधकामाचे ठेकेदार, शिक्षणसंस्थांचे चालक. त्यांची कामेही आपल्या परिचयाची आहेत. नेत्रतपासणी, रक्तदान, वह्यांचे वाटप, शाळेला संगणक, झाडे लावणे, बंधाऱ्यातला गाळ काढणे, पाणी शुद्ध करणारे यंत्र. त्या दातेरी चाकाची खूण आपण शाळेच्या भिंतीवर किंवा रस्त्याकडेच्या बाकावर पाहिलेली असते. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले, तेव्हापासून ठिकठिकाणी या क्लबांच्या हाती कारखान्यांचा पैसाही येऊ लागला. रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहती ज्यांच्या उशापायथ्याशी आहेत, त्या आपल्या तालुक्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

अशा एका क्लबाने काही काळापूर्वी मला पाहुणा वक्ता म्हणून बोलावले होते. गावाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. या बैठका सगळीकडे एकाच साच्याच्या असतात. ठरलेल्या मिनिटाला अध्यक्षांनी घंटेवर टोला दिला आणि सभा सुरू झाली. राष्ट्रगीत झाले. त्या आठवड्यात ज्यांचा वाढदिवस होता त्यांचे टाळ्या वाजवून अभिनंदन झाले. सचिवाने मागच्या कामाचा अहवाल आणि पुढच्या कामाची तारीख सांगितली, खर्चाचा आकडा वाचला. मग माझी ओळख, माझे भाषण, दोन प्रश्न, आभार, स्मृतिचिन्ह आणि चहा. उशिरा आलेल्या एका सभासदाकडून हसतखेळत दंड वसूल झाला. सव्वा तासात सगळे आटोपले. मी चळवळीत आलो तेव्हापासून वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपलेली सभा मला बोटांवर मोजता येईल एवढ्याच वेळा पाहायला मिळाली आहे. त्यांतली ही एक.

ही शिस्त वरवरची नव्हे. जुन्या नियमाप्रमाणे बैठक चुकलेल्या सभासदाने दुसऱ्या गावच्या क्लबाच्या बैठकीला जाऊन ती हजेरी भरून काढायची असे. २०१६ साली त्यांच्या जागतिक विधिमंडळाने महिन्यातून निदान दोन बैठका, इतकी ढील दिली. तरीही आठवड्याच्या बैठकीची सवय पुष्कळ क्लबांनी सोडली नाही. आठवड्याला भेटणारी माणसे एकमेकांच्या घरची दुखणीखुपणी ओळखतात, आणि काम निघाले की 'कोण कोण येणार' असे विचारावे लागत नाही.

माझ्या भाषणाचा विषय भीमेचे पाणी हा होता. मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. पुढे भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुका, दुसऱ्या तीरावर दौंड. पुणे शहराचे पुरते शुद्ध न झालेले सांडपाणी याच वाटेने खाली येते आणि जलपर्णीने पात्र भरून जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडले जाणारे पाणी हवेली-दौंडच्या शेतीला मिळते. धरणाचे पाणी शहराने प्यायचे आणि शहराने वापरून टाकलेले पाणी शेतकऱ्याने घ्यायचे, अशी ती वाटणी आहे. हे सगळे मी सांगितले. श्रोत्यांनी मन लावून ऐकले. नंतर सचिवांनी आनंदाने जाहीर केले की नदीकाठच्या एका शाळेला पाणी शुद्ध करणारे यंत्र देण्याचे ठरले आहे. एका औषधविक्रेत्या सभासदाने मला विचारले, "मग आम्ही आणखी काय करावे?" मी म्हणालो, "यंत्र अवश्य बसवा. मुलांना आजच तहान लागते. पण ज्या दिवशी यंत्र बसेल त्याच दिवशी क्लबाच्या नावाने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पुणे महापालिकेला पत्र लिहा, की हे यंत्र आम्हाला का बसवावे लागले याचे उत्तर द्या. १९७४चा जलप्रदूषणाचा कायदा त्याचसाठी आहे." ते गृहस्थ सज्जन होते. थोडे ओशाळून म्हणाले, "ते आमच्या नियमात बसत नाही. ते राजकारण होईल."

साथींनो, माझे आजचे सगळे बोलणे या उत्तराभोवती आहे. सेवा आणि राजकारण यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे ती कोणी बांधली, आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंना त्यांचे आणि आपले काय काय नुकसान झाले, हे आपण पाहू.

त्या गृहस्थांना त्यांच्याच संस्थेचा इतिहास ठाऊक नव्हता. रोटरीच्या नियमाने क्लबाला निवडणुकीत कोणा उमेदवाराचा पुरस्कार करता येत नाही, पक्षीय वादात पडता येत नाही. सरकारला पत्र लिहू नये असे त्यात कोठेही नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात चार माणसे एका कचेरीत भेटली आणि रोटरीचा जन्म झाला. त्या चौघांत पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी होता. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे, म्हणून 'रोटरी' हे नाव. सुरुवातीचा हेतू ओळखीपाळखी आणि एकमेकांच्या धंद्याला मदत, एवढाच. सेवेचा विचार मागाहून आला. या क्लबाने पहिले सार्वजनिक काम हाती घेतले ते १९०७ साली. शिकागोच्या नगरभवनाजवळ सार्वजनिक शौचालय व्हावे, हे ते काम. शहराच्या मध्यवस्तीत येणाऱ्या माणसाला शौचालय हवे असेल तर एक तर गुत्त्यात शिरावे लागे, नाही तर मोठ्या दुकानात. आणि तेथे गेल्यावर रिकाम्या हाताने बाहेर पडणे अवघड होई. साहजिकच मद्य-उत्पादकांनी विरोध केला, आमच्या गुत्त्यांत सोय आहेच म्हणून. मोठ्या दुकानदारांनी विरोध केला, आमच्याकडे स्त्रियांची सोय आहे म्हणून. तरी क्लबाने इतर संस्थांना हाताशी धरले, शहराच्या कारभाऱ्यांच्या मागे लकडा लावला आणि दोनेक वर्षांच्या खटपटीनंतर ते शौचालय झाले.

या घटनेत काय आहे ते नीट पाहा. क्लबाने वर्गणी काढून शहराला शौचालय दान दिले नाही. शहराच्या कारभाराने ते बांधले पाहिजे अशी मागणी केली, हितसंबंधीयांचा विरोध अंगावर घेतला आणि मागणी पुरी होईपर्यंत ती सोडली नाही. याला आपण आपल्या भाषेत काय म्हणतो? पुढे शंभर वर्षांत संस्था वाढली, देशोदेशी पसरली, आणि मागणी करणारा हात हळूहळू देणारा हात झाला. देणाऱ्याला कोणी विरोध करीत नाही. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आमदार फीत कापायला येतात, कारखानदार धनादेश देतो. मागणाऱ्याला मात्र पहिला विरोध याच मंडळींकडून होतो.

आता शिरूरच्या किंवा दौंडच्या आठवडे बाजारात चला. खेड्यातून पहाटेच्या गाडीने, टेंपोने भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका संध्याकाळपर्यंत तेथे बसतात. बाजाराची पावती फाडणारा माणूस न चुकता येतो. पण दिवसभरात त्या बाईने जायचे कोठे? तिला विचारा, ती सांगेल की बाजाराच्या दिवशी मी पाणीच पीत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक बाजारांत हे उत्तर मिळते. मुंबईत २०११पासून स्त्रियांच्या संघटनांनी 'राइट टू पी' या नावाने या प्रश्नावर चळवळ चालवली, तेव्हा सुरुवातीला लोक हसले होते. १९६५च्या नगरपरिषदा कायद्याने सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे आणि राखणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे हा प्रश्न दयेचा नाही, बजावलेल्या कर्तव्याचा किंवा चुकवलेल्या कर्तव्याचा आहे. आणि तरीही मला सांगा, आपल्या पक्षाच्या किती ठरावांत या बाईचे पाणी न पिणे आले आहे? आपण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर ठराव केले. करायलाच हवे होते. पण बाजारातल्या बाईपर्यंत पोचायला जे आठवड्याचे जाणेयेणे लागते, ते आपण थांबवले.

सेवेचे कार्य हे केवळ मलमपट्टी, असे आपल्याकडे फार सहज म्हटले जाते. पोलिओचे उदाहरण घ्या. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ हद्दपार करण्याचा संकल्प जाहीर केला. त्या वेळी अनेक जाणत्यांना ती व्यापाऱ्यांची हौस वाटली असेल. भारतात १९९५पासून देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. आपल्या पिढीने आपल्या डोळ्यांदेखत एक रोग देशाबाहेर गेलेला पाहिला. कुबड्या घेतलेली, पाय वाळलेली मुले आपल्या वर्गात होती; आपल्या नातवंडांच्या वर्गात नाहीत. या यशात रोटरीचा वाटा खरा आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

परंतु हे यश कशामुळे मिळाले? क्लबाने आपल्या सभासदांच्या दवाखान्यांत गरिबांसाठी फुकट लसीचे शिबिर भरवले म्हणून नव्हे. मोहीम सरकारची होती, लस सर्वांना होती आणि मोफत होती. अडत्याच्या मुलाला आणि ऊसतोड मजुराच्या मुलाला तेच दोन थेंब, त्याच दिवशी. कोणाकडे दाखला मागितला नाही, कोणाची लायकी तपासली नाही. रेल्वे स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडणीच्या तळांवर पथके गेली. क्लबांनी पैसा उभा केला, फलक लावले, गाड्या दिल्या, केंद्रांवर बसले. पण ते एका सार्वजनिक हक्काच्या मागे उभे राहिले, त्याच्या जागी नव्हे. खासगी दानत सार्वजनिक व्यवस्थेच्या पाठीशी उभी राहिली तर काय घडू शकते याचा हा पुरावा आहे, आणि समाजवाद्याने तो रोटरीवाल्यांपेक्षा मोठ्या आवाजात सांगायला हवा.

आणि ते थेंब कोणाच्या हातांनी पाजले गेले? अंगणवाडी सेविकेच्या, आणि पुढे आशाताईंच्याही. रणरणत्या उन्हात शीतपेटी खांद्याला लावून ती वाडीवस्तीवर फिरली. तिच्या हुद्द्यातच 'सेवा' हा शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या आडून तिला वेतन नाकारले जाते. तिला मिळते ते 'मानधन'. क्लबाच्या सभासदाने आठवड्यातून दोन तास दिले की ती सेवा होते. या बाईने सारे आयुष्य दिले तरी तीही सेवाच, म्हणून तिने पगार मागू नये! ४ डिसेंबर २०२३पासून राज्यातल्या अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४च्या अखेरीपर्यंत चालला. त्याआधी एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगितले होते. संपाच्या दिवसांत एखाद्या क्लबाने आपल्या साप्ताहिक बैठकीत एखाद्या सेविकेला पाहुणी वक्ती म्हणून बोलावले असते तर पोलिओच्या कामाचे ते खरे उतराई होणे ठरले असते.

वक्ते कोण असतात, या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. हृदयरोगतज्ज्ञ, करसल्लागार, निवृत्त लष्करी अधिकारी, परदेशप्रवास करून आलेले कोणी, तणावमुक्त जीवनावर बोलणारे कोणी. त्यांनी बोलावे, माझी तक्रार नाही. पण दौंड हे जंक्शनचे गाव. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग तेथे सोलापूरच्या मार्गाला मिळतो. रात्रीच्या थंडीत रूळ तपासत चालणारा गँगमन दौंडच्या कोणत्याही व्यासपीठावर वक्ता म्हणून बसलेला मी अजून पाहिलेला नाही. केडगाव भागातल्या गुऱ्हाळांवर चुलवणापुढे राबणारा परप्रांतीय मजूर नाही, कालव्याचा पाटकरी नाही, न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या कारखान्याच्या तळावर कोयता घेऊन आलेली बीडची बाई नाही. बैठकीला जो बसत नाही त्याचा प्रश्न तेथे 'प्रकल्प' म्हणून येतो. त्याला काय हवे हे दुसरेच कोणी ठरवतात, आणि मग एकाच शाळेला दोन वेळा दप्तरे मिळतात आणि शिक्षकाची रिकामी जागा तशीच राहते.

रोटरीचा मूळ नियम प्रत्येक व्यवसायातला एक प्रतिनिधी असा होता. कल्पना वाईट नव्हती. पहिल्या चौघांत शिंपी होता हे मी मघाशी मुद्दाम सांगितले. प्रश्न एवढाच की व्यवसाय कशाला म्हणायचे. हमाली हा व्यवसाय आहे की नाही? धुणेभांडी हा आहे की नाही? स्त्रियांना तर संघटनेचे दार कित्येक दशके बंदच होते. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तर त्या क्लबालाच संघटनेबाहेर काढण्यात आले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९८७ साली निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९मध्ये नियम बदलला. सेवाभावी माणसांच्या संस्थेतही समतेचे दार आपोआप उघडले नाही. कोणीतरी ते ढकलावे लागले.

१९०५ हे साल आपल्याही इतिहासात आहे. त्याच वर्षी १२ जूनला नामदार गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. शिकागोचे चौघे आपापला धंदा सांभाळून भेटत होते. पुण्याच्या समाजाचा सभासद आपला संसार, आपली कमाई देशाच्या चरणी वाहून तुटपुंज्या निर्वाहवेतनावर आयुष्यभर काम करण्याची शपथ घेत होता. नैतिक उंची कोणाची अधिक, हे विचारण्याचे कारण नाही. पण शिकागोची संस्था लाखोंची झाली आणि पुण्याची मूठभरांचीच राहिली, याचाही विचार करा. आयुष्य देणारे थोडेच असतात. आठवड्याचा एक तास देणारे पुष्कळ मिळतात. आपण कार्यकर्ता म्हटला की पूर्णवेळ, त्यागी, घरदार सोडलेला असाच डोळ्यांपुढे आणतो, आणि ज्याला एकच तास देता येतो त्या प्राथमिक शिक्षकाला, त्या दुकानातल्या मुलीला आपल्याकडे काही कामच नसते. हा आपला मोठा अपव्यय आहे.

सेवा घेणारा आणि सेवा देणारा ही फारकत आपल्याच भागात कोणी मोडली, तेही पाहू. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी उपासमारीतून वाचवून आणलेल्या मुली आणि स्त्रिया तेथे राहिल्या. त्या केवळ आश्रित म्हणून राहिल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई ही कामे त्यांनीच चालवली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातांनी तेथल्या छापखान्यात छापले गेले. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, भुकेल्या मुलीच्या हाती खिळे जुळवण्याची कला देणारी ही दृष्टी आपल्या पुष्कळ वसतिगृहांपाशी आजही नाही. पुढच्या काळात पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, तीही याच वाटेने. स्वस्त जेवण हमालांना कोणी वाढले नाही, त्यांच्याच संघटनेने केंद्र चालवले.

याहून जुनी एक गोष्ट शिरूर तालुक्याची आहे आणि ती आपल्या मुलांना शाळेत सांगितली जात नाही. १८७४च्या डिसेंबरात करडे गावच्या लोकांनी एका सावकारावर बहिष्कार टाकला. त्याने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाला घरातून काढण्याचा प्रयत्न केला होता. गावाने एकमुखाने ठरवले, याची सेवा करायची नाही. न्हाव्याने हजामत नाकारली, पाणी भरणाऱ्याने पाणी नाकारले, मजुरांनी मजुरी नाकारली. अखेर त्याला आपला बाडबिस्तरा घेऊन शिरूरला यावे लागले. बहिष्काराचे हे हत्यार गावोगाव पसरले. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे उठाव झाला, कर्जरोखे आणि वह्या जळाल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करणे त्याला भाग पडले. ज्यांची सगळी हयात दुसऱ्याच्या सेवेत गेली त्यांनी एके दिवशी सेवा नाकारली, आणि तेव्हा राज्यकर्त्यांना जाग आली. आपल्या तालुक्यांत सेवेच्या इतिहासाला ही बाजूही आहे. शिकागोच्या आधी ३० वर्षे.

आता आपल्याविषयी. डॉ. लोहियांनी पक्षाला फावडे, मत आणि तुरुंग ही तीन प्रतीके दिली होती. त्यांपैकी तुरुंगाचे दिवस आपण आठवणींच्या लेखांत जपले, मतासाठी तर काय काय केले ते सांगायला नको, आणि फावडे गोदामात ठेवून दिले. ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले, तेव्हा त्याचा कणा शाखा हाच होता. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मैदानावर, कोणी पुढारी येवो न येवो, मुले जमत. खेळ, गाणे, बौद्धिक, श्रमदान. त्या नियमितपणातून जी माणसे घडली त्यांच्या पुण्याईवर आपण कित्येक वर्षे निवडणुका लढलो. नियमित भेटण्याचा तो धडा आपण कोणा परदेशी क्लबाकडून घेतला नव्हता. पण आपण तो विसरलो आणि त्यांनी जपला, ही वस्तुस्थिती आहे. आपल्या बैठका आता निवडणूक, आंदोलन किंवा शोकसभा यांपैकी काही असेल तरच होतात.

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा आहे, सवड आहे, मोटारी आहेत. आहेत. पण घंटेला पैसा लागत नाही. आणि कोणी असेही म्हणेल की असल्या लहानसहान कामांत पडलो तर व्यवस्था बदलण्याचे मोठे काम बाजूला राहील. या आक्षेपात तथ्य आहे; सेवेच्या कामात बुडून राजकारण विसरलेल्या चांगल्या साथींची नावे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. पण लहान काम हाती न घेता मोठ्या कामाची नुसती भाषणे करीत राहिलेल्यांची यादी त्याहून लांब आहे. बाजारातल्या शौचालयाची मागणी घेऊन आपण नगरपरिषदेत गेलो की अंदाजपत्रक समोर येते, ठेकेदार समोर येतो, बाजाराच्या लिलावाचा हिशेब समोर येतो. व्यवस्था तिथेच बसलेली असते; तिला शोधायला दूर जावे लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दोन्ही तालुक्यांच्या गावी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक तासाची बैठक सुरू करावी. जागा मात्र फिरती असावी: एकदा रेल्वे वसाहतीत, एकदा बाजाराच्या ओट्यावर, हंगामात ऊसतोडणीच्या तळावर. दर वेळी एक वक्ता, आणि तो अशा कामातला की ज्याला आजवर कोणी बोलावले नाही. वीस मिनिटे त्याने बोलावे, आपण ऐकावे. आपण बोलायचे नाही, हे आपल्याला सर्वांत कठीण जाईल. त्यानंतर मागच्या आठवड्यात ठरलेल्या कामाचे काय झाले, हे ज्याच्याकडे काम होते त्याने उभे राहून सांगावे.

पहिले काम बाजाराच्या शौचालयाचे घ्यावे. बाजाराच्या दिवशी आपल्या महिला साथींनी बसून मोजणी करावी: किती विक्रेत्या, किती वेळ, जवळात जवळची सोय किती अंतरावर, तेथे पाणी आहे का, कडी लागते का, पैसे घेतात का. माहितीच्या अधिकारात नगरपरिषदेकडून बाजाराच्या वसुलीचा आणि स्वच्छतेवरील खर्चाचा आकडा मागावा. मग त्या बायकांसह अर्ज घेऊन जावे. आणि जाण्यापूर्वी गावच्या रोटरी क्लबालाही भेटावे, त्यांच्या बैठकीच्या दिवशी, त्यांच्या घंटेच्या आधी पाच मिनिटे. १९०७ साली तुमच्या संस्थेने जे काम केले तेच आम्ही येथे करतो आहोत, अर्जावर सही कराल का, असे विचारावे. काही जण नाही म्हणतील, शौचालय आम्हीच बांधून देतो म्हणतील. त्यांना सांगावे की बांधायला नगरपरिषद आहे, आम्हाला तुमची सही हवी आहे. दोघे-तिघे सही करतील असा माझा अंदाज आहे. माझ्याशी बोललेल्या त्या औषधविक्रेत्या गृहस्थांसारखे लोक प्रत्येक क्लबात असतात.

वार कोणता ठरवायचा ते आता चहाच्या आधी बोलून घेऊ. दौंडच्या साथींपैकी तिघांची रेल्वेतली पाळी फिरती आहे, आणि बाजाराचा दिवस चालणार नाही असे शिरूरहून आधीच कळवले आहे. त्या दिवशी आपल्याला बाजारात असायचे आहे.